मधल्या सुट्टीचं चित्र

"अहो, चिमटा असा मधोमध नका लावू. लेकराचं आभाळ झाकतंय," नलिनी म्हणाली.

मी चिमटा काढून कागदाच्या टोकाला लावला. शाळेच्या व्हरांड्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत सुतळी बांधली होती, आणि आम्ही दोघं तिच्यावर मुलांची चित्रं अडकवत होतो. सुतळी माझ्या दुकानातली होती. मी शिंपी. बाजारगल्लीत माझं शिलाईचं दुकान होतं, आणि नलिनी, माझी बायको, त्याच गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला चित्रकला येते म्हटल्यावर मुख्याध्यापक गुंडरे सरांनी सगळ्या वर्गांचे चित्रकलेचे तास तिच्या गळ्यात घातले होते. बाकीच्या शिक्षकांना वाटायचं बाई अडकली. बाईला मात्र आठवड्यात तेवढेच तास आवडायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेत बालआनंद मेळावा होता. तालुक्याहून साहेब येणार होते. अशा वेळी आमच्याकडे एक रीत होती. अजूनही असेल. प्रदर्शनात मांडायची चित्रं शिक्षक स्वतः काढायचे, फार तर मुलाच्या चित्रावरून हात फिरवायचे आणि खाली मुलाचं नाव घालायचे. साहेबही ते ओळखून असायचे आणि कौतुक करून जायचे. नलिनी हे करायची नाही. मुलाच्या कागदाला ती पेन्सिल लावायची नाही. काही दाखवायचं असलं तर दुसऱ्या कागदावर दाखवायची. माझ्या दुकानातल्या चिंध्या नेऊन ती पोरांकडून चिकटकाम करून घ्यायची, भेंडी कापून ठसे मारायला लावायची. मुलं डोंगर काढायला लागली की विचारायची, "आपल्या गावात डोंगर कुठंय रे? दाखव बघू." आमच्याकडे नजर जाईल तिथवर सपाट. पोरं हसायची आणि डोंगर खोडायची.

त्या वर्षी तिनं चौथीला विषय दिला होता, मधली सुट्टी. "आज जेवताना नीट बघून घ्या," असं सांगितलं होतं, "आणि आत आल्या आल्या काढा. जे दिसलं ते."

मी एकामागून एक चित्रं लावत होतो. खिचडीचं पातेलं, स्वयंपाक करणारी गोदावरीकाकू, व्हरांड्यात बसलेली मुलांची लांबलचक रांग. प्रत्येकाची रांग वेगळी. कुणाची वाकडी, कुणाची कागदाच्या बाहेर गेलेली. पण सात-आठ चित्रं लावून झाली आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक कागदावर उजवीकडे खाली एकच गोष्ट आहे.

"नलिनी, ही कोण?"

"कोण?"

"ही. कुंपणाच्या भिंतीला बसलेली. पाच-सहा जण आहेत. सगळ्यांनी काढलीत."

ती जवळ आली. मग सुतळीच्या त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. रांगेतल्या मुलांच्या पुढ्यात शाळेची ताटं होती, सगळी राखाडी. भिंतीकडच्या मुलांच्या पुढ्यात लाल, निळे, हिरवे डबे. ती मुलं खिचडी घ्यायला भांडं घरून आणत होती.

नलिनी पायरीवर बसली. हातातली चित्रं तिनं मांडीवर ठेवली.

"मी सारिकाला काल शाबासकी दिली," ती म्हणाली. "म्हटलं, कोपऱ्यात रंग छान उठून दिसतोय."

सारिका म्हणजे ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीतली मुलगी. चौथीत होती. हात असा की, नलिनी म्हणायची, मला अजून जमत नाही ते या पोरीला जमतं.

"तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"आम्ही तेव्हा ऑफिसात डबा खातो. दार लोटलेलं असतं."

"मग आता? ही काढून ठेवायची का? उद्या साहेब आहेत."

"कशाला काढू?"

"गुंडरे सरांना सांग तरी."

"सर रोज त्या भिंतीवरून हात धुवायला जातात. त्यांना मी चित्रातून सांगू?" ती उठली. "द्या इकडं चिमटे."

मेळाव्याला विस्तार अधिकारी ढवळे साहेब आले. पोटाला सैल शर्ट, तोंडात बडीशेप. सुतळीपाशी हात मागं बांधून ते बरंच अंतर चालले. गुंडरे सर बरोबर होते. शाळा समितीचे अध्यक्ष बापूराव इंगोले होते, त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. तालुक्याच्या पेपरात बातम्या देणारा एक तरुणही होता.

"छान. मोकळा हात आहे मुलांचा," साहेब म्हणाले. "फक्त मांडणीत गडबड होतेय, बाई. ही उजवीकडे माणसं कशाला? चित्राचा तोल जातो. रांग आहे तर सगळी रांगेत घ्यायची."

"मलाही तसंच वाटतं, साहेब," नलिनी म्हणाली.

साहेबांना ते काही समजलं नाही. चित्राखालचं नाव वाचून त्यांनी हाक मारली, "सारिका कोण? ये गं. ही कोण काढलीस तू, निळ्या डब्याची?"

"ती मी हाव," सारिका म्हणाली.

"मग अशी लांब का बसलीस? रुसलीस का मैत्रिणींवर?"

आजूबाजूची मोठी माणसं हसली. सारिकाला कळेना का हसतायत. ती म्हणाली, "तिथं आमची जागा हाय. आमच्या वस्तीतल्यांची."

साहेबांनी बडीशेप चावायची थांबवली. पेपरवाला खिशातून पेन काढायला लागला तसे तात्या म्हणाले, "चला साहेब, चहा गार होतोय."

बातमी छोटीशी आली, आतल्या पानावर. पण आली. तालुक्याहून चौकशीचा हुकूम निघाला आणि चौकशीला ढवळे साहेबच येणार असं ठरलं.

त्याच संध्याकाळी तात्या आणि गुंडरे सर दुकानात आले. मी कापड बेतत होतो. नलिनी स्टुलावर बसून बटनं लावत होती. शाळा सुटल्यावर ती कधीमधी तेवढी मदत करायची.

"काय टेलर," तात्या म्हणाले, "बाईला बटनाला लावलं व्हय? बरंय. हाताला काम असलं की डोस्कं शांत राहतंय."

मी खुर्च्या पुढं केल्या. दोघंही बसले नाहीत.

"बाई, आम्ही भांडाय आलो न्हाई," तात्या म्हणाले. "साहेब आले की एवढंच सांगा, की कागदाचा कोपरा मोकळा राहू नये म्हणून तिथं माणसं काढाय तुम्हीच सांगितलं. चित्रकलेत असतंय म्हणे तसं काहीतरी. सर, काय म्हणलात तुम्ही त्याला?"

"समतोल," गुंडरे सर म्हणाले. ते माझ्या कात्रीकडे बघत होते.

"हां, समतोल. विषय मिटला."

"मी तसं सांगितलं नव्हतं," नलिनी म्हणाली.

"न्हाई सांगितलं, ते ठाव हाय की. म्हणून तर आलो."

"तात्या, मुलं भिंतीला बसतात का नाही?"

"बसतात. त्यांचे आईबापबी तिथंच बसले. हितं कुणी तक्रार केली? तुमी परवा आलाव बदलून, तुमच्या आधीपासून गाव हाय. गोदावरी म्हणती, मी ती ताटं धुणार न्हाई. मग तिला काढून दुसरी आणायची, ती तरी धुईल का?"

"मग मी धुते."

तात्या हसले. अगदी मनापासून हसले. "ऐका टेलर. तुमची बाई सगळ्या गावाची ताटं धुणार. तुमी घरी काय धुता?"

"माझं मी धुतो," मी म्हणालो.

"मग तुमीच समजवा तिला. दुकान गावातच हाय तुमचं."

"मला शर्टाचं विचारा तात्या. शाळेतलं तिला कळतं."

गुंडरे सर जाताना उंबऱ्यात थांबले. "बाई, माझी निवृत्ती जवळ आली आहे हो," एवढंच म्हणाले. नलिनीनं मान हलवली. त्यांचा तिला राग नव्हता. मला होता. अजून आहे.

चौकशीचा दिवस गुरुवार ठरला. साहेबांनी कळवलं की ते स्वतः चौथीच्या मुलांना तोच विषय देऊन नवीन चित्रं काढून घेतील, आणि बाईंनी त्या वेळी वर्गात थांबायचं नाही. तोपर्यंत चौथीचे तासही घ्यायचे नाहीत. मला हे अपमानाचं वाटलं. नलिनी मात्र खूश झाली.

"बरंच झालं," रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली. "मी वर्गात नसले म्हणजे मी सांगितलं असं कुणाला म्हणता येणार नाही."

"आणि मुलांनी घाबरून दुसरंच काहीतरी काढलं तर?"

"नाही काढणार."

"एवढी खात्री?"

"वर्षभर एकच गोष्ट शिकवली मी त्यांना. जसं आहे तसं काढायचं. एकदा साहेबांच्या समोर कागदावर आलं की गुंडरे सरांना रांग एक करावी लागेल. त्यांना तरी काय, कुणीतरी वरून सांगायलाच पाहिजे आहे." ती भाकरी उलटत म्हणाली, "सारिका त्या रांगेत बसली ना, की मग मला कुठं पाठवायचं तिथं पाठवू देत."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आमच्या. मूलबाळ नव्हतं. एखाद्या गोष्टीसाठी ती इतकी अधीर झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती. गुरुवारपर्यंत ती रोज माझ्याआधी उठून बसायची.

गुरुवारी मला म्हणाली, "तुम्ही पण या. घरी येऊन मला सांगावं लागायला नको."

शाळेत गावातली चार माणसं तात्यांनी पंच म्हणून बसवली होती. त्यांच्यातच मीही बसलो. मला कुणी ऊठ म्हणालं नाही. नलिनी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. वर्गाचं दार उघडं होतं. आत साहेबांनी स्वतः कागद वाटले, तेलखडू वाटले आणि म्हणाले, "घाबरायचं नाही. तुम्ही मधल्या सुट्टीत कसे जेवता तेवढं काढायचं. जसं रोज असतं तसं."

मुलं मान खाली घालून कामाला लागली. नलिनीला बाहेरून त्यांच्या पाठीच दिसत होत्या, तरी ती कुणी कुठला रंग उचलला ते बघत होती. मध्ये एकदा माझ्याकडे बघून हसली.

तास संपायच्या आत साहेबांनी चित्रं गोळा केली आणि व्हरांड्यात जमिनीवर ओळीनं मांडली. पंच उठून बघायला गेले. नलिनी पुढं आली.

सगळ्या कागदांवर एकच रांग होती. पातेलं, गोदावरीकाकू, रांग, राखाडी ताटं. काहींनी कुंपणाची भिंत काढली होती, तिच्यावर कावळे बसवले होते. भिंतीखाली कुणी नव्हतं.

"घ्या," तात्या म्हणाले. "लेकरं देवाघरची असतात साहेब. त्यांना कुठलं खोटं येतंय?"

नलिनी गुडघ्यावर बसली. एकेक कागद उचलून बघायला लागली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, ती चित्रं तपासत होती. मग सारिकाच्या चित्रापाशी थांबली. चित्र सुंदर होतं. खिचडीची वाफ त्या पोरीनं नुसता कागद कोरा ठेवून दाखवली होती.

"सारिका, इकडं ये," तिनं बोलावलं.

सारिका दारातून आली. साहेब म्हणाले, "बाई, मुलांवर दबाव नको." नलिनीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"तू कुठं आहेस यात?"

"मी न्हाई."

"का?"

"मी घरी जाते जेवाय. सोमवारपासून."

"कुणाकुणाला घरी बोलावलंय?"

"आमच्या वस्तीतल्या सगळ्यांना." ती बोटांनी खडूचा रंग खरवडत होती. "तात्या आले होते आईकडं. म्हणाले, शाळेत उगं तमाशा चाललाय, लेकरं घरी जेवू द्या. न्हाईतर रानात कामाला येऊ नका."

गुंडरे सर मैदानाकडे बघत होते. साहेबांनी पंचांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली होती. एक जण अंगठा कुठं करू म्हणून विचारत होता.

"घरी काय असतं दुपारी?" नलिनीनं विचारलं.

"असतं कधी," सारिका म्हणाली. "कधी नसतं."

मग तिनं आपल्या चित्राकडे आणि बाईच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. "बाई, चुकलं का माझं?"

नलिनीनं ते चित्र हातात घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे. आहे तसंच काढलंस."

घंटा झाली. साहेबांना जेवण बघायचंच होतं, ते बघायला थांबले. मुलं एका रांगेत बसली. गोदावरीकाकूनं सगळ्यांना सारखी खिचडी वाढली, साहेबांनाही एक ताट दिलं, त्यांनी मिठाचं कौतुक केलं. भिंतीजवळ जागा झाडून काढलेली होती. ओढ्यापलीकडची मुलं फाटकातून बाहेर पडत होती, सारिका सगळ्यात मागं. नलिनी फाटकापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. तिच्या हातात अजून ते चित्र होतं. गुंडरे सरांनी जाऊन ते मागून घेतलं, साहेबांच्या कागदांना जोडायचं होतं म्हणून.

अहवालात लिहिलं की शाळेत कुठलाही भेदभाव आढळला नाही. आधीच्या चित्रांतली वेगळी बसलेली मुलं ही शिक्षिकेच्या सूचनेवरून काढली गेली असावीत. महिन्याभरात तिची तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. मीही दुकान हलवलं.

नव्या शाळेत तिला पुन्हा चित्रकलेचे तास मिळाले. पहिल्या तासाच्या दिवशी मी तिचा डबा द्यायला गेलो होतो. खिडकीतून पाहिलं तर ती मुलांना बाहेर नेण्याऐवजी फळ्यापाशी उभी होती. फळ्यावर तिनं एक आंबा काढला. देठाला दोन पानं. डाव्या बाजूनं सावली.

"हे बघून काढा," ती म्हणाली. "यात काही घालायचं नाही. यातलं काही सोडायचं नाही."

पुढं सगळी नोकरी तिनं तसंच शिकवलं. आंबा, मडकं, झेंडा, फुलपाखरू. ज्याची पानं चुकायची त्याचा कागद ती स्वतः हातात घेऊन पुसायची आणि स्वतः काढून द्यायची. तिच्या शाळेला चित्रकलेची बक्षिसं मिळायला लागली. घरी आल्यावर चौकशीच्या त्या गुरुवारबद्दल ती बोलायची नाही. मीही विषय काढायचो नाही. एकदाच, आजारपणात, दवाखान्यातल्या खाटेवर ती म्हणाली होती, "मी ती चित्रं अडकवली नसती तर ती पोरं भिंतीला बसून का होईना, पोटभर जेवली असती." मी म्हणालो, "तुझं काय चुकलं?" ती म्हणाली, "मी चुकलं म्हणत नाही. जेवली असती, म्हणतेय."

गेल्या पौषात ती गेली.

तिच्या शेवटच्या शाळेनं शोकसभा ठेवली. मला पुढं खुर्ची दिली, हार आणला, तिच्या फोटोला गंध लावलं. तिथले मुख्याध्यापक तरुण आहेत, स्वभावानं चांगले आहेत. बाईंना श्रद्धांजली म्हणून चौथीच्या मुलांनी काढलेली चित्रं त्यांनी भिंतीवर लावली होती. मला हाताला धरून ती दाखवायला घेऊन गेले.

प्रत्येक कागदावर आंबा होता. देठाला दोन पानं, डाव्या बाजूनं सावली.

"बाईंचा आंबा," सर म्हणाले. "बघा काका, वर्गातल्या एकाचाही चुकलेला नाही."

मी पहिल्या चित्रापासून निघालो आणि शेवटच्यापर्यंत बघत गेलो. एकाचाही चुकला नव्हता.